नव्या माणसाला नळ दिसतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४, जन्मापासून पुण्यात, आयटीत नोकरी, स्वतःचा फ्लॅट, आईवडील धडधाकट, म्हणजे रडायला तसं काही कारण नाही, पण सकाळी उठल्यापासून प्रत्येक गोष्टीचा वैताग. आणि ऑफिसात आसाममधल्या जोरहाटहून नवीन आलेली एक मुलगी आहे, तिला मात्र इथलं सगळंच भारी वाटतं, टपरीवरचा चहा, संध्याकाळची हवा, तोंडाला स्कार्फ गुंडाळून स्कूटीवरून जाणाऱ्या बायका, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. आपल्यालाही तसं वाटावं म्हणून रोज तीन कृतज्ञतेच्या गोष्टी लिहायचं अ‍ॅप घेतलं आणि अकराव्या दिवशी काढून टाकलं, कारण रोज तेच लिहिलं जायचं, घर, आईवडील, तब्येत. तर विचारलंय की माझ्यातच काही कमी आहे का, का ती नवीन आहे म्हणून तिला तसं वाटतं, आणि ती नजर परत मिळते का.

तुला तूच म्हणते, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे. मी गेली बावीस वर्षं बाहेरून पुण्यात आलेल्या लोकांना बोलायचं मराठी शिकवते, घरातल्याच हॉलमध्ये, दहा-बारा जणांची बॅच. बँकेत बदली होऊन आलेले, नवऱ्यामागून आलेल्या बायका, केरळच्या नर्सेस, कंपनीने पाठवलेले जर्मन, कॉलेजची परदेशी पोरं, सगळे असतात. मानसशास्त्र वगैरे मी शिकलेली नाही, पण नवीन माणसाला पहिल्या सहा महिन्यांत काय दिसतं आणि नंतर काय दिसेनासं होतं हे मी इतक्या वेळा बघितलंय की त्यावर बोलायचा थोडा हक्क आहे असं समजते.

आधी सरळ उत्तर. तुझ्यात काही कमी नाही. आणि ती मुलगीही काही संत नाही, तिला सहा महिने दे. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण पहिल्या महिन्यात म्हणतो पुणे किती छान, आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात वर्गात शिरता शिरताच रिक्षावाल्याच्या नावाने बोटं मोडत येतो, तेही मराठीत, आणि मला मनातल्या मनात बरं वाटतं की चला, हा आता इथला झाला. सवय झाली की दिसायचं बंद होतं. गेटवरचा कुत्रा रोजच्या माणसावर भुंकत नाही, रोज भुंकत बसला तर त्यालाच झेपायचं नाही, आपल्या डोक्याचंही तसंच.

अ‍ॅपचं मात्र थोडं सांगते, कारण त्यात तुझी चूक नव्हती. हे लिहायचं फॅड जिथून आलं त्यातला एक नावाजलेला अभ्यास २००३चा आहे, एमन्स आणि मॅक्कलो या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा, आणि त्यातल्या एका प्रयोगात लोकांना आठवड्यातून एकदा लिहायला लावलं होतं, दहा आठवडे, जास्तीत जास्त पाच गोष्टी. आठवड्यातून एकदा म्हणजे मधे काहीतरी घडायला वेळ असतो रे. रोज रात्री झोप आलेली असताना तीन रकाने भरायचे म्हणजे शाळेतल्या शुद्धलेखनासारखं, हात चालतो, डोकं नाही. पण माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे, ती भाषेतली आहे, आणि भाषा माझा विषय आहे म्हणून जरा लांबण लावते, चालवून घे.

वर्गात पहिल्याच आठवड्यात हमखास येणारा प्रश्न म्हणजे थँक्यूला मराठीत काय म्हणतात. मी फळ्यावर 'धन्यवाद' लिहिते, 'आभारी आहे' लिहिते, आणि मग खरं ते सांगते, की हे दोन शब्द घेऊन कुणाच्या घरी गेलात तर लोक हसतील. तू आज रात्री आईने पोळी वाढल्यावर 'आई, मी तुझा आभारी आहे' म्हणून बघ, ती कपाळाला हात लावून ताप बघेल. आपल्याकडे आभार मानायचे ते कार्यक्रमाच्या शेवटी, निम्मे लोक चपला शोधायला गेल्यावर. मग वर्गातलं कुणीतरी विचारतंच की म्हणजे तुम्ही लोक कृतज्ञ वगैरे नसताच का. तर असतो, पण आपला रोजचा शब्द दुसराच आहे. आपण म्हणतो, त्याला जाण आहे. किंवा चिडून म्हणतो, एवढं केलं त्याची काही जाण नाही मेल्याला. आणि जाण म्हणजे काय, तर जाणणं, माहीत असणं. 'कृतज्ञ'चंही तेच आहे, कृत म्हणजे केलेलं आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. म्हणजे आपल्या शब्दात वाटण्याची भानगड नाहीच बघ, कुणी काय केलं ते माहीत आहे की नाही एवढाच प्रश्न आहे.

हे मी वर्षानुवर्षं शिकवत होते, पण त्यातला अर्थ मला एका लातूरच्या पोराने दाखवला. तो माझ्या वर्गातला नव्हे, मराठी त्याचं माझ्यापेक्षा चांगलं, आमच्या वरच्या खोलीत कॉट बेसिसवर राहायला आलेला, स्पर्धा परीक्षेवाला. २०१६चा जून. त्या वर्षी लातूरला काय झालं होतं आठवत असेल, मांजरा धरण कोरडं पडलं, मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावायची वेळ आली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यायला लागले, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तिथून आलेला हा पोरगा. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला वरून आवाज आला म्हणून मी गेले तर हा मोरीत नळाखाली बादली लावून नुसता उभा. बादली भरत आली की नळ थोडा थोडा बंद करत धार बारीक करायची, अगदी दोऱ्याएवढी, म्हणजे शेवटचं पाणी काठावरून सांडायला नको, मग दुसरी बादली सरकवायची, मधे एक थेंब जमिनीवर नाही. मी म्हटलं अरे जा की अभ्यासाला, भरेल ती, सांडलं तर सांडलं. म्हणाला, 'काकू, नळ सोडून जायची सवय नाही.'

पण मला सांगायचंय ते हे नाही. असल्या गोष्टी ऐकून डोळ्यात पाणी येतं आणि संध्याकाळपर्यंत वाळतं. सांगायचंय ते पुढचं. पंधरा दिवसांत त्या पोराला आमच्या गल्लीच्या पाण्याची सगळी कुंडली माहीत झाली होती. कुठल्या टाकीवरून येतं, चावीवाला किती वाजता सायकलवरून येतो, कुठल्या कोपऱ्यावर झाकण उचलून चावी फिरवतो, तो रजेवर असला की बदलीवाला अर्धा तास उशिरा का येतो, आणि ते आपलं पेपरातलं ठरलेलं वाक्य असतं ना, 'गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने', तर ते कमी दाबाने का, रिकाम्या झालेल्या नळ्या आधी भरायला वेळ लागतो म्हणून, हे त्याने मला समजावून सांगितलं. मला! मी त्या घरात सत्तावीस वर्षं राहत होते. मला फक्त एवढं माहीत होतं की पाणी येतं.

हे वाक्य बघ जरा. पाणी येतं. लाईट येते. पेपर येतो. कचरा जातो. दूध आलं का? गॅस आला का? मी व्याकरण शिकवते म्हणून मला हे खटकायला लागलं की आपल्या रोजच्या वाक्यांत करणारा माणूसच नाही, सगळ्या वस्तू आपापल्या पायांनी येतात-जातात. त्या पोराच्या वाक्यात कर्ता होता. 'तो पाणी सोडतो.' 'आज त्याने लवकर सोडलं.' नवीन माणसाला कर्ता माहीत करून घ्यावाच लागतो, कारण त्याचं त्यावाचून अडतं, कुणाला विचारायचं, कुणाला गाठायचं, किती वाजता उभं राहायचं. आपण ज्याला त्याची नवी नजर म्हणतो ती बऱ्याच अंशी ही माहिती असते. आणि तुझं अडत नाही. तू जन्मलास तेव्हा हे सगळं आईवडिलांनी लावून ठेवलेलं होतं, म्हणून तुझ्या वाक्यातला कर्ता कधीच गळून गेलाय. अ‍ॅपमध्ये तू लिहिलंस 'घर'. घर काय, घराचं काय? त्यात कुणी काही केलेलंच नाही, मग वाटणार काय.

शेजारच्या आजींना मात्र पाण्याचं सगळं माहीत होतं हं. त्यांनी १२ जुलै १९६१ बघितलेला, पानशेत फुटलं आणि मग खडकवासलाही, निम्मं जुनं पुणं चिखलात, आणि पुराच्या मागोमाग पाण्याचीच टंचाई, कारण धरणंच गेली होती. त्या आजी शेवटपर्यंत म्हणायच्या खडकवासल्याचं पाणी, नुसतं पाणी कधी नाही.

कचऱ्याची गोष्ट पटकन सांगते. कोट्टायमची एक नर्स होती माझ्याकडे, रात्रपाळी करून सकाळी वर्गाला यायची, तिला तिसऱ्या दिवशी आमच्या कचरा नेणाऱ्या ताईचं नाव माहीत होतं, मला कित्येक वर्षांत माहीत नव्हतं, मी 'कचरेवाली' म्हणायचे. तिनेच मला सांगितलं की या बायका 'स्वच्छ' नावाच्या त्यांच्या स्वतःच्या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत, महापालिकेच्या नोकर नाहीत, आपण महिन्याला देतो ते पैसे म्हणजे त्यांचा पगार, आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा म्हणजे वर्गवारी करताना हात लावायच्या आधी त्यांना कळतं. नर्सच ती, तिला हे लगेच पटलं. मला लाल स्केचपेन आणून दिला तिने. अजून आहे, फ्रिजवर.

आता दुसरी बाजू, कारण नुसती माहिती म्हणजे सगळं असं मी म्हणाले तर ते खोटं होईल. नव्या माणसाला काय दिसेल हे त्याला मागे काय कमी पडलं होतं त्यावरही असतं. मी स्वतः १९८९ साली लग्न होऊन संगमेश्वरकडच्या एका गावातून पुण्यात आले. आमच्याकडे विहीर, रहाट, पावसाळ्यात तर पाणी अंगणात घुसायचं, त्यामुळे पुण्याच्या नळाचं मला काडीचं कौतुक नव्हतं, उलट ठरल्या वेळी पाणी म्हणजे हसूच यायचं. मला वेड लावलं ते अप्पा बळवंत चौकाने. आमच्या गावात पुस्तक हवं तर कुणी रत्नागिरीला जाणार असेल त्याच्याकडे चिठ्ठी द्यायची, मग आठवड्याने कळायचं की मिळालं नाही. आणि इथे अख्खा चौक! पहिले काही महिने मी मंडईत भाजीला म्हणून निघायचे आणि वाकडी वाट करून तिथे नुसती उभी राहायचे, दुकानदार विचारायचे काय हवंय, मी म्हणायचे बघतेय. पाच वर्षांनी अप्पा बळवंत चौक म्हणजे जिथे गाडी लावायला जागा मिळत नाही ती जागा, बाकी काही नाही. मीच ती, चौक तोच.

माझ्या वर्गातल्या एका जर्मन बाईंना आणखी तिसरंच दिसलं. त्यांची चांगली भारी सॅक, तिची चेन गेली, त्या टाकून देणार होत्या. मी म्हटलं थांबा. आमच्या कोपऱ्यावरच्या पत्र्याच्या टपरीतल्या चांभाराकडे नेलं. त्याने सॅक मांडीवर घेतली, चेनवरून अंगठा फिरवला, म्हणाला दात चांगले आहेत, नुसता रनर गेलाय, डब्यातून चार-पाच रनर काढून एकेक लावून बघितला, चौथा बसला, टोकाला दोन टाके घातले आणि तीनदा खालीवर करून दाखवला. चाळीस रुपये. बाई बघतच राहिल्या. त्यांच्याकडे म्हणे दुरुस्तीचे पैसे नव्या वस्तूच्या जवळपास जातात म्हणून लोक टाकूनच देतात. पुढच्या आठवड्यात त्या पिशवी भरून सामान घेऊन हजर, छत्री, बूट, बेल्ट, नवऱ्याची सूटकेस. वर्ष संपेपर्यंत त्यांना पेठेतला प्रत्येक दुरुस्तीवाला ठाऊक, मिक्सरवाला कुठे, कुकरचं हँडल कुठे, गाद्या पिंजणारा कुठल्या महिन्यात फिरतो. आणि आपण? आपण सॅक ऑनलाईन मागवतो. बरं असो, तो वेगळा विषय.

तर कमतरतेतून येणारी जी नजर आहे ना, ती तुला उसनी आणता येणार नाही आणि आणूही नये. इथे मला जरा कडक बोलायचंय. आपल्याकडे लोकांची खोड असते, दुसऱ्याचं दुःख बघायचं आणि म्हणायचं बघा, त्यांच्यापेक्षा आपलं किती बरं. काबूलची एक मुलगी माझ्या वर्गात होती, कॉलेजात शिकणारी. २०२१च्या ऑगस्टनंतर तिचं घरी जाणं बंद झालं. ती रोज सकाळी सातच्या सुमाराला आमच्या चौकात उभी असायची, मला वाटायचं बसची वाट बघते. एक दिवस तिने मला मोबाईलमधले फोटो दाखवले, सगळे एकाच गोष्टीचे, शाळेची रिक्षा. आत नऊ-दहा मुली कोंबलेल्या, बाहेरच्या बाजूला दप्तरं लटकवलेली, पाण्याच्या बाटल्या हेलकावतायत, मागच्या खिडकीतून दोन वेण्या बाहेर. एकोणीस-वीस फोटो. तिने मला विचारलं याला काय म्हणतात, मी म्हटलं दप्तर. तिने वहीत लिहून घेतलं, दप्तर. मार्च २०२२ मध्ये तिकडे मोठ्या मुलींच्या शाळा उघडणार असं जाहीर झालं होतं आणि मुली शाळेत पोचल्यावर त्याच सकाळी परत बंद केल्या, तिची बहीण त्यात होती.

मी त्या दिवशी घरी येऊन म्हणू शकले असते की माझ्या मुलीला शाळा मिळाली, किती भाग्यवान मी. नाही म्हणाले. मला ते हलकं वाटलं. तिची बहीण घरी बसली आणि त्यातून मी माझं समाधान काढायचं, हे काय. मला त्यातून मिळालं ते एवढंच की त्या रिक्षावाल्याकडे मी पहिल्यांदा नीट बघितलं. तो प्रत्येक मुलगी फाटकातून आत गेल्याशिवाय गाडी हलवायचा नाही. इतकी वर्षं मी त्याच्या हॉर्नला वैतागत होते, तो हॉर्न म्हणजे वरच्या मजल्यावरच्या आयांना हाक असायची.

आणखी एक सांगून ठेवते, नवीन माणूस तोंडावर सगळं छानच सांगतो, कारण तो पाहुणा आहे. तुझी ती जोरहाटची मुलगी तुला सगळं खरं सांगते असं धरून चालू नकोस. मणिपूरची एक विद्यार्थिनी माझ्याकडे होती, २०२३च्या मे महिन्यात तिकडे हिंसाचार सुरू झाला आणि इंटरनेट महिनोन् महिने बंद, आईशी धड बोलणं नाही, आणि इथे ती राहायची त्या सोसायटीत तिच्या स्वयंपाकाच्या वासावरून तिसरी नोटीस आलेली. त्या काळातही वर्गात मी विचारलं पुण्यात काय आवडतं, तर तिने हसून सांगितलं, 'पुण्यातली माणसं चांगली आहेत.' नोटिशीचं मला दुसऱ्याच मुलीकडून कळलं. मी त्या कमिटीतल्या एका गृहस्थांशी बोलले तर ते म्हणाले यांना जागा मिळाली हेच उपकार समजा. उपकार! भाडं घेतलं होतं, डिपॉझिट घेतलं होतं. जाण ही ठेवायची असते, दुसऱ्याकडून वसूल करायची नसते, आणि बाहेरून आलेल्या माणसाने सतत भारावलेलं राहावं ही अपेक्षा तर अजिबात नको. ज्याला आपण तक्रार करायची मुभा देत नाही तो इथला होणार कधी?

याच्या उलट एक गोष्ट, माझी आवडती. वॉर्सोहून आलेली एक मुलगी होती, तिला मराठी हवं होतं ते फक्त एका कामासाठी, कोल्हापूरजवळ वळिवड्याला जाऊन लोकांशी बोलायचं होतं. दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याला पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती, १९४३ ते १९४८, साधारण पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत फौजांनी त्यांना घरांतून उचलून सायबेरिया, कझाकस्तानकडे नेलं होतं, तिथून सुटून इराणमार्गे ती कुठल्या कुठे कोल्हापुरात. हिची आजी त्यात लहान मुलगी होती. आजीने तिला वळिवड्याबद्दल 'छान होतं' असं सांगितलेलं नव्हतं, बराकीतून स्टेशनला कसं जायचं, पाणी कुठून आणायचं, शाळा कुठे, फळंवाली किती वाजता यायची, असं सांगितलेलं होतं. ऐंशी वर्षांवरची माहिती, जशीच्या तशी. ही मुलगी तो कागद घेऊन तिथे गेली. आता तिथे गांधीनगर आहे, पोलिश लोक गेल्यावर त्या जागेत फाळणीनंतर आलेले सिंधी लोक वसले, आणि त्यांनी कपड्यांची एवढी मोठी बाजारपेठ उभी केली की लग्नाचा बस्ता म्हटलं की लोक गांधीनगरला जातात. म्हणजे एकाच माळावर दोनदा परके लोक येऊन घरं मांडून बसले. ती परत आल्यावर मी विचारलं काय बोललीस तिथे. तर एका दुकानदाराला तिने सांगितलं की माझी आजी इथे राहायची, आणि तो म्हणाला माझे आजोबाही बाहेरूनच आले होते, बसा, चहा घ्या. मराठीत बोलले दोघं. माझ्या फीचे पैसे तिथे वसूल झाले.

तर आता तू काय करायचं. लिहायचंच असेल तर आठवड्यातून एकदा लिही, आणि एकच अट, वाक्याला कर्ता पाहिजे, आणि तो तुझ्या ओळखीचा पाहिजे. 'चांगला चहा मिळाला' चालणार नाही. कुणी केला? 'वीज आहे' चालणार नाही. मागच्या पावसात रात्री दोनला डीपीवर कोण चढलं होतं, माहीत आहे? नसेल तर ते लिहू नकोस, आधी माहीत करून घे. महिन्याला एक गोष्ट घे आणि तिच्या मागे मागे जा, म्हणजे अक्षरशः जा. पहाटे पाचला कधी पेपरचे गठ्ठे फुटपाथवर सोडून पुरवण्या घालतात तिथे जाऊन उभा राहा, हात किती भराभर चालतात ते बघ. सुरुवात तुझ्या इस्त्रीवाल्यापासून कर. ती मुलगी त्याचं नाव सांगू शकेल याची मी पैज लावते. तू सांगू शकशील?

आणि वैताग येतो तो येऊ दे, तो काही शत्रू नाही. उलट जाण आली की तक्रार नेमकी होते. आमच्या गल्लीत एक व्हॉल्व्ह तीन वर्षं गळत होता, आम्ही सगळे जाता-येता म्हणायचो महापालिकेला काही पडलेलं नाही. लातूरचा पोरगा चावीवाल्याला बरोबर घेऊन क्षेत्रीय कार्यालयात गेला, कारण कुठला व्हॉल्व्ह, कुठल्या टाकीच्या लाइनवरचा, कधीपासून गळतोय, हे त्या दोघांना नेमकं सांगता येत होतं, आणि बारा दिवसांत काम झालं. आभाराचं बोलायचं तर त्या पोराने चावीवाल्याला कधी धन्यवाद म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. परीक्षा पास झाल्यावर पुणं सोडायच्या आधी पेढे मात्र पहिले त्याला दिले, आम्हाला नंतर.

राहता राहिलं त्या मुलीचं काय करायचं. तू विचारलेलं नाहीस पण सांगते. दिवाळीत तिला फराळाचा डबा दे. माझ्याकडे पूर्वी आसामचीच एक मुलगी यायची, तिला मी चकल्यांचा डबा दिला होता, चार दिवसांनी तो घासूनपुसून लख्ख रिकामा परत आला. शेजारच्या आजी बसल्या होत्या, त्या लगेच म्हणाल्या, 'अगं, डबा रिकामा परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालावी.' ती इतकी ओशाळली की डबा परत घेऊनच गेली. मी विसरूनही गेले. जानेवारीत संक्रांतीच्या दोन दिवस आधी दारात ती, हातात तोच डबा, आत तांदळाच्या पिठाच्या पातळ सुरळ्या आणि त्यांच्या पोटात काळे तीळ नि गूळ. तिळ पिठा म्हणतात म्हणे, त्यांचा माघातला बिहू असतो तेव्हा करतात, आणि तो येतो नेमका आपल्या संक्रांतीच्याच सुमाराला. आजींनी एक तोंडात टाकली, जरा वेळ चघळली आणि म्हणाल्या, 'हा तर आपलाच तिळगूळ की, नुसता पांघरूण घालून आलाय.'

डबा स्टीलचा दे मात्र. प्लॅस्टिकचे परत येत नाहीत.